पार्श्वभूमी : केरळच्या भातजमिनींची यादी आणि कोर्टातले वाद

केरळात जागा विकत घेणारा माणूस सगळ्यात आधी एक गोष्ट तपासतो : ती ‘डेटा बँके’त आहे का? ही संरक्षित भातजमिनींची आणि पाणथळींची गावनिहाय यादी. त्यात गट सापडला तर बांधकाम अडतं, जमिनीचा भाव कोसळतो आणि बरेचदा प्रकरण हायकोर्टात जातं.

भातजमीन राखण्याची धडपड जुनी आहे. १९६७ साली अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली भूवापर आदेश निघाला : अन्नपिकाखालची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही. कागदावर हे चोख होतं. पण मजुरी वाढली, नारळ-रबर परवडू लागलं, आखाती पैशातून घरं उठली. सत्तरच्या दशकात साडेआठ लाख हेक्टरांवर असलेलं भाताचं क्षेत्र २००८ पर्यंत सव्वादोन लाखांच्या आसपास आलं.

हे घडतं कसं, ते समजून घ्यायला हवं. भाताचं खाचर एकटं जगत नाही. पाट सामाईक, बांध सामाईक, कुट्टनाडसारख्या समुद्रसपाटीखालच्या भागात तर पाणी उपसण्याचे पंपही सामाईक. मधल्या एकाने लाल मातीचा भराव टाकला की पाट तुंबतो. वरच्याच्या शेतात पाणी साचतं, खालच्याला मिळत नाही. दोन हंगाम पड गेल्यावर तोही गिऱ्हाईक शोधू लागतो. म्हणून ‘माझी जमीन, मी काहीही करीन’ हा युक्तिवाद इथे मला पटत नाही.

१२ ऑगस्ट २००८ रोजी भातजमीन व पाणथळ संवर्धन कायदा लागू झाला. वर्षातून एकदा तरी भात पिकणारी जमीन त्यात आलीच, शिवाय भाताला योग्य पण पड असलेलीही आली. स्वतःच्या घरासाठी पंचायत हद्दीत १० सेंट, म्हणजे आपले चार गुंठे, आणि शहरात पाच सेंट एवढीच सवलत, तीही समितीच्या मंजुरीने. यादी करायची होती स्थानिक समितीने : पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, गाव अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी.

घोळ झाला तो या यादीत. याद्या रखडल्या, आणि ज्या झाल्या त्यांतल्या अनेक बांधावर न जाताच झाल्या. गावच्या मूळ कर नोंदवहीत ‘निलम’ म्हणजे भातजमीन असा जुना शेरा दिसला की गट यादीत. तिथे वर्षानुवर्षांची माडाची झाडं उभी आहेत, घर आहे, हे पाहायला कोणी गेलंच नाही. कायद्याचा हेतू शंभर टक्के बरोबर होता. पण कामचुकार सर्वेक्षणाने पाच सेंटवाल्या कुटुंबाला आणि एकरांनी भराव टाकणाऱ्याला एकाच रांगेत उभं केलं, आणि त्या रांगेचा फायदा वकील लावू शकणाऱ्यालाच झाला.

केरळ हायकोर्टाने निकालांमागून निकाल देत कसोटी घट्ट केली. पाहायचं ते १२ ऑगस्ट २००८ रोजी जमीन कशी होती ते. पावसात पाणी साचतं किंवा जमीन पड आहे, एवढ्यावरून ती भातजमीन ठरत नाही; तिथे भात होऊ शकतो का, हे तपासावं लागतं. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करावी, नाहीतर राज्याच्या दूरसंवेदन केंद्राकडून त्या काळची उपग्रहचित्रं मागवावीत. कृषी अधिकाऱ्याचा अहवाल नुसता उतरवून ‘फॉर्म ५’, म्हणजे यादीतून जमीन वगळण्याचा अर्ज, फेटाळणारे महसूल अधिकाऱ्यांचे (आपल्याकडच्या प्रांतांचे) आदेश कोर्टाने वारंवार रद्द केले. अर्जदार मात्र फेरनिर्णयासाठी पुन्हा त्याच कचेरीत.

गोव्यातही वाद नोंदीच्या ‘चुकी’भोवतीच फिरतो, फक्त उलट दिशेने. प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या चुका सुधारण्याच्या नावाखाली नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) ने भूखंडागणिक झोन बदलले जात होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले.

केरळ सरकारने मधला रस्ता काढला तो शुल्काचा. २००८ पूर्वीचे भराव सरकारी दराच्या २५ टक्के भरून नियमित करण्याची २०१५ ची तरतूद पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. मग २०१८ च्या दुरुस्तीने नवा वर्ग आणला : महसूल दप्तरी भातजमीन, पण डेटा बँकेत नाही. अशी जागा शुल्क भरून बदलता येते. २५ सेंटपर्यंत, म्हणजे दहा गुंठ्यांपर्यंत, माफी. पण तुकडे पाडून माफी लाटू नये म्हणून ३० डिसेंबर २०१७ चं क्षेत्रच धरलं जातं. अर्जांचा असा ढीग पडला की २०२४ मध्ये उपजिल्हाधिकाऱ्यांनाही अधिकार द्यावे लागले.

२५ सेंटवरच्या जागेला सरकारी दराच्या १० टक्के शुल्क फक्त जादा क्षेत्रावर, असं हायकोर्ट म्हणालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते फिरवलं. त्यामुळे आज २५ सेंटवाल्याला शुल्क शून्य, आणि २६ सेंटवाल्याला सगळ्या २६ सेंटांवर.