एक निळा, अनेक माध्यमं

अल्ट्रामरीन निळ्याची ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर कुठेतरी ‘पीबी २९’ असा संकेतांक सापडतो. पी म्हणजे पिगमेंट, बी म्हणजे ब्लू आणि २९ हा रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला क्रमांक. ट्यूब जलरंगाची असो, तैलरंगाची असो की ॲक्रिलिकची, आकडा तोच. म्हणजे आतली निळी पूडही तीच. पण ब्रशवर घेतल्या की तिन्ही ट्यूबा तीन तऱ्हेने वागतात. एक कागदावर दाणेदार पसरते, दुसरी जाड लावली तर काळपट दिसते आणि तिसरी ओली असताना फिकी असते, वाळल्यावर गडद होते.

चित्रकला शिकताना पारदर्शक, अपारदर्शक, वॉश, ग्लेझ, टोन, पोत, समतोल हे शब्द रांगेने पाठ करावे लागतात आणि परीक्षा झाली की त्याच रांगेने विसरले जातात. मला वाटतं, ते नुसत्या व्याख्या म्हणून शिकवले जातात, म्हणून असं होतं. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भौतिक घटनेचं नाव आहे. पूड, तिला धरून ठेवणारा पदार्थ, दोघांवर पडणारा प्रकाश आणि तो टिपणारा डोळा, एवढ्या चौघांत सगळा कारभार चालतो.

आधी पूड. रंगद्रव्य म्हणजे पिगमेंट पाण्यात किंवा तेलात विरघळत नाही, त्याचे कण नुसते तरंगत राहतात. विरघळतो तो रंजक, म्हणजे डाय. कापड रंगवायला तो लागतो. रंजकाला एखाद्या धातूच्या क्षारावर पक्कं बसवून त्याची न विरघळणारी पूडही करता येते. चित्रकारांच्या भाषेत तिला ‘लेक’ म्हणतात.

अल्ट्रामरीन हे मुळात लाजवर्द या दगडातून मिळणारं रंगद्रव्य. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून हा दगड शतकानुशतकं युरोपात जायचा आणि तिथे तो इतका महाग पडायचा की चित्र सांगणारा गिऱ्हाईक निळा किती वापरायचा हे करारातच लिहून घ्यायचा. १८२०च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत तो भट्टीत बनवायची रीत सापडली आणि निळ्याचा तोरा उतरला. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचा एक पिंजरा असतो आणि त्यात गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र अडकलेले असतात. निळेपण आहे ते या त्रिकुटाचं. आम्लाने पिंजरा मोडला की गंधक निसटतो आणि रंग उडतो. आम्ल लागलं तर अल्ट्रामरीन फिकं पडतं ते यामुळे, उन्हाला मात्र ते चांगलं टिकतं.

नुसती पूड कागदावर टाकली तर फुंकरीने उडून जाईल. तिला धरून ठेवणाऱ्या पदार्थाला बाइंडर म्हणतात आणि माध्यमांमधला खरा फरक इथे आहे. जलरंगात बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, तैलरंगात बहुधा जवसाचं तेल, टेम्परात अंड्याचा बलक, ॲक्रिलिकमध्ये प्लास्टिकच्या जातीचं पॉलिमर, एन्कॉस्टिकमध्ये मधमाश्यांचं मेण. ‘रंग वाळला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण प्रत्येक माध्यमात वाळताना घडतं ते निराळंच.

जलरंगात घडतं ते सगळ्यात साधं. पाणी उडून जातं आणि डिंक मागे राहतो. पण हा डिंक पुन्हा पाण्यात विरघळायला एका पायावर तयार असतो. ओल्या ब्रशने जलरंग उचलता येतो आणि दुसरा हात देताना खालचा हात ढवळला जातो, ते या डिंकामुळे. कोरड्या कागदावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, दिला की त्याच्या कडेला एक गडद रेघ उमटते. कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथलं पाणी आधी उडतं, त्याची जागा भरायला आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि येताना कण घेऊन येतं. कण तिथेच साचतात. नवशिके ही रेघ पुसायला धडपडतात आणि मुरलेले चित्रकार तिच्याकडून पानाची कड काढून घेतात. कागद आधी भिजवून घेतला तर ही ओढ लागत नाही आणि रंग मऊ पसरतो. हेच ओल्यावर ओलं काम. अल्ट्रामरीनचे कण जरा भरड आणि एकमेकांना चिकटून गोळे करणारे असतात. खडबडीत कागदाच्या खळग्यांत ते बसतात, उंचवटे पांढरट राहतात. त्या दाणेदारपणाला ग्रॅन्युलेशन म्हणतात. आकाश रंगवताना हा परिणाम आयता मिळतो.

तैलरंगात तेल उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाची घट्ट कातडी बनते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात तैलरंगाच्या थराचं वजन चक्क वाढतं! ही क्रिया वरवर आठवड्यात झाल्यासारखी वाटते, पण जाड थरात आतून ती कितीतरी वर्षं चालू राहते. ‘खाली कमी तेल, वर जास्त तेल’ हा तैलरंगाचा जुना नियम इथूनच येतो. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा अजून हलतोय, अशी गत झाली की वरच्याला तडे जातात. हळू वाळण्याचा फायदाही मोठा आहे. रंग तासन्‌तास ओला राहिल्याने एक छटा दुसऱ्या छटेत विरघळवता येते. अंड्याचा बलक काही मिनिटांत सुकतो. टेम्परातल्या चित्रांत चेहऱ्याची गोलाई बारीक बारीक समांतर रेघांनी साधलेली दिसते, कारण तिथे ओल्या रंगात रंग मिसळायला सवडच नसते.

ॲक्रिलिक हे या घराण्यातलं शेंडेफळ. पाण्यात मिसळणारा त्याचा प्रकार बाजारात आला तो १९५०च्या दशकात. पॉलिमरचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी गेलं की ते एकमेकांवर दाबले जाऊन अखंड पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याने सुटत नाही. ओले असताना हे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून मिश्रण दुधाळ दिसतं. पापुद्रा झाला की ते पारदर्शक होतं आणि रंग गडद भासतो. ॲक्रिलिकमध्ये जुळवलेली छटा दुसऱ्या दिवशी जुळत नाही, ती यापायी.

फ्रेस्कोत तर वेगळा बाइंडर घालतच नाहीत. भिंतीला ओल्या चुन्याचा गिलावा देतात आणि पाण्यात कालवलेली पूड त्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि कण त्या दगडातच कोंडले जातात. गिलावा ओला आहे तोवरच काम करायचं, म्हणून चित्रकार त्या दिवशी पुरेल एवढाच तुकडा लिंपून घेतो. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या सिस्टीन चॅपलच्या छतावर या तुकड्यांचे सांधे अभ्यासकांना मोजता येतात. चुना अल्कधर्मी असल्याने प्रत्येक पुडीला तो मानवत नाही. प्रशियन निळा त्यात विघटित होतो. मायकेलअँजेलोच्या छताआधी काही वर्षं लिओनार्दोने ‘द लास्ट सपर’साठी सुक्या भिंतीवर तेल आणि टेम्परा वापरून पाहिलं. त्याला सावकाश, फेरफार करत काम करायचं होतं. पण रंग भिंतीत मुरला नाही आणि काही दशकांतच त्याचे पोपडे सुटू लागले. अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हटलं जातं, पण तीही सुक्या गिलाव्यावर बाइंडर वापरून केलेली आहेत.

आता तैलरंगातलं ते काळपट निळं. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वळतो आणि थोडा परतही फिरतो. पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याच्या मापाला अपवर्तनांक म्हणतात. दोन्ही पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितकं अंतर, तितका प्रकाश जास्त परत फिरतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, जवसाच्या तेलाचा साधारण १.४८ आणि अल्ट्रामरीनचा १.५ च्या आसपास. कोरड्या पुडीत कणाभोवती हवा असते, अंतर मोठं पडतं, बराच प्रकाश विखरून बाहेर येतो आणि निळा झळझळतो. तेलात अंतर जवळजवळ मिटतं. प्रकाश परत न फिरता खोल शिरतो आणि वाटेतच शोषला जातो. चित्रकार अशा रंगाला पारदर्शक म्हणतात. तैलरंगात तो पातळ थराने उजळ तळावर लावला की प्रकाश खालपर्यंत जाऊन, तळावर आपटून, निळा होऊन परत येतो आणि रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. या थराला ग्लेझ म्हणतात. उलट रंगाचे जाड, उंच फटकारे म्हणजे इम्पास्टो. तिथे पृष्ठभागाच्या उंचसखलपणावर पडणारी खरी सावलीही चित्राचा भाग होते.

पांढऱ्याचं गणितही हेच. खडूची पूड हवेत पांढरीफेक दिसते आणि तेलात कालवली की मळकट, अर्धपारदर्शक होते, कारण तिचा अपवर्तनांक तेलाच्या जवळचा आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या घरात, म्हणून टायटॅनियम व्हाइटचा एक हात खालचं सगळं झाकून टाकतो. जुन्या चित्रकारांचा शिशाचा पांढरा या दोघांच्या मध्ये, साधारण २. गंमत अशी की तेल जुनं होताना त्याचा अपवर्तनांक हळूहळू वाढतो. शिशाच्या पांढऱ्याशी त्याचं अंतर कमी होतं आणि थर पारदर्शक होत जातो. चित्रकाराने आधी काढून मग झाकून टाकलेला एखाद्या माणसाचा हात किंवा टोपी काही शतकांनी पुन्हा डोकावू लागते.

फ्रेंच कलावंत इव्ह क्लाइन याला कोरड्या पुडीचंच निळं हवं होतं, तेलातलं नको होतं. पॅरिसमधल्या एका रंगविक्रेत्याच्या मदतीने त्याने एक कृत्रिम राळ निवडली. तिच्यात कण चिकटतात, पण बुडून जात नाहीत; कणांभोवती हवा राहते. १९६० साली त्याने या कृतीची अधिकृत नोंद केली. पेस्टलच्या कांड्यांत बाइंडर नावापुरता असतो, म्हणून त्यांचे रंगही असेच पुडीच्या जवळचे. त्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड पक्की बसवणारा द्रव, जास्त फवारला की चित्र काळवंडतं, त्याचं कारणही आता वेगळं सांगायला नको.

पेन्सिलबद्दल थोडक्यात. तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून कांडी केलेली असते. ही रीत फ्रान्समध्ये काँतेने १७९५ साली काढली. माती जास्त तर एच, म्हणजे कडक आणि फिकी. ग्राफाइट जास्त तर बी, म्हणजे मऊ आणि काळी. ग्राफाइटचे चपटे पापुद्रे कागदावर आडवे बसतात आणि चकाकतात, म्हणून पेन्सिलीचा गडद भाग तिरक्या उजेडात चमकतो. कोळशाचे कण वेडेवाकडे, ते चमकत नाहीत. गर्द अंधार हवा असेल तर आठ बी घासत बसण्यापेक्षा सरळ कोळसा उचलावा.

इथवर झाला साहित्याचा भाग. समतोल, लय, भर, विरोध ही रचनेची तत्त्वं वेगळ्या धड्यात येतात, पण तिथेही काम एका पदार्थाचंच असतं. हा पदार्थ म्हणजे डोळा आणि त्यामागचा मेंदू. मन्सेल या अमेरिकन कलाशिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगाची तीन मापं वेगळी केली: रंग कोणता, तो किती उजळ आणि किती तीव्र. यातला उजळपणा म्हणजे टोन. आकाराची गोलाई, खोली, हालचाल हे मेंदू मुख्यतः टोनवरून ओळखतो. कोणता रंग आहे ही माहिती त्या मानाने ढोबळ असते. मोनेच्या १८७२ सालच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मधला नारिंगी सूर्य पाहा. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा टोन भोवतालच्या करड्या आकाशाएवढाच आहे. रंग ओरडून सांगतो ‘मी इथे आहे’, टोन म्हणतो ‘इथे काहीच नाही’, आणि या भांडणात सूर्य थरथरतो. चित्रकार काम करताना डोळे किलकिले करतात ते टोन तपासायला. बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात.

विरोधाचा किस्सा तर गालिच्यांच्या कारखान्यातला. शेव्हरल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागा तपासला, रंग चोख होता. दोष होता शेजारच्या रंगाचा. डोळा प्रत्येक रंग शेजाऱ्याशी ताडून पाहतो आणि फरक वाढवून सांगतो. १८३९ साली शेव्हरलने यावर ग्रंथ लिहिला आणि पुढच्या पिढीचे चित्रकार त्यावर पोसले.

सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे रचनेसाठी आदर्श मानलं जाणारं साधारण १.६१८ हे प्रमाण; त्याबद्दल मात्र माझा हात आखडता आहे. कुठल्याही प्रसिद्ध चित्रावर ती गोगलगायीसारखी वक्ररेषा बसवता येते, जरा जाडी आणि कोन जुळवला की झालं. त्यापेक्षा रशियन संशोधक यार्बुस याने केलेल्या नजरेच्या नोंदी कामाच्या. १९६०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत दिसतं की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर, विशेषतः डोळ्यांवर पुन्हा पुन्हा परतते, आणि ‘चित्रातल्या माणसांची वयं सांगा’ असं म्हटलं की तिचा मार्गच बदलतो. कोपऱ्यात एक चेहरा रंगवला की बाकी रचनेचा तोल त्याच्याकडे कलतो, मग मधली रेघ कुठेही असो.

शेवटी पुन्हा पीबी २९. त्यात पिवळा कालवला की हिरवा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. निळी पूड तांबूस आणि पिवळट प्रकाश गिळते, पिवळी पूड निळसर गिळते, दोघींच्या तावडीतून थोडा हिरवा तेवढा सुटतो. पण त्याच दोन ट्यूबांतले रंग न कालवता कागदावर बारीक ठिपक्यांनी शेजारी-शेजारी लावले आणि मागे सरकून पाहिलं, तर हिरवा दिसत नाही. तिथे पूड पुडीत मिसळत नाही, दोन्ही ठिपक्यांचा प्रकाश डोळ्यात एकत्र येतो आणि दिसतो तो करडा. जॉर्ज सरा ठिपक्यांनी चित्रं रंगवायचा, पण गवतासाठी त्याने हिरव्याचेच ठिपके दिले आहेत.