एकतर्फी प्रेम आणि इमोशनल ब्लॅकमेल: पडद्यावर एकत्र कालवलेल्या दोन गोष्टी

‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’ ही बातमीची ठरलेली ओळ वाचली की दरवेळी चीड येते. हल्लेखोराच्या नावावर फुकटचं प्रेम जमा होतं आणि वर्षानुवर्षं गप्प राहून झुरणाराही त्याच्याच रांगेत जाऊन बसतो. हा घोळ पक्का केला तो सिनेमाने. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे नाशिककरांना सिनेमाचं कौतुक अंमळ जास्तच. ते असू द्या, पण चूक ती चूक.

एकतर्फी प्रेम म्हणजे काय, हे मी समजावत बसत नाही. कॉलेज रोडला दोन वर्षं काढलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. इमोशनल ब्लॅकमेल म्हणजे आपल्या दुःखाचा धाक घालून समोरच्याकडून होकार काढणं. झुरणं, जागरणं, कविता हे दोन्हीकडे सारखंच. किती वर्षं झाली, भावना किती खरी, याने काही ठरत नाही. ब्लॅकमेल करणाऱ्याचं प्रेमही अगदी खरं असू शकतं, आणि लोक फसतात ते इथेच.

तिने ‘नाही’ म्हटल्यावर भुर्दंड कुणाला पडतो, एवढंच बघा. एकतर्फी प्रेमात तो त्याचा त्यालाच पडतो. तो रडेल, नापास होईल. तिची बस, क्लास, मैत्रिणी सगळं होतं तसं चालू राहतं. ब्लॅकमेलमध्ये तोच भुर्दंड तिच्या माथी येतो. ती निमाणीला नेहमीची बस सोडून पुढची पकडते, गंगापूर रोडच्या क्लासची बॅच बदलून घेते. त्याचा मित्र तिच्या मैत्रिणीला गाठतो: “दोन दिवस जेवला नाहीये गं, एकदा बोलायला सांग ना तिला.” तिलाच कळेल असं स्टेटस पडतं. परत केलेलं गिफ्ट तिसऱ्याच्या हातून पुन्हा येतं. यातली एकेक गोष्ट सुटी सांगितली तर किरकोळ वाटते, म्हणून घरी “एवढंच ना?” ऐकावं लागतं. मग ती होकार देते, तो या सगळ्यातून सुटायला, आणि पडद्यावर नेमकं तिथेच गाणं सुरू होतं.

‘रांझणा’त (2013) कुंदन झोयासमोर मनगट कापतो आणि ती त्याला मिठी मारते. मला हा प्रसंग कधीही प्रेमाचा वाटला नाही. याउलट ‘कभी हां कभी ना’ (1994) बघा. आनावर एकतर्फी प्रेम करणारा सुनील खोटं बोलून ती आणि तिचा आवडता ख्रिस यांच्यात बिनसवतो, तोवर ते कारस्थानच. पण चित्रपट त्याचं खोटं उघडं पाडतो, त्याचे मित्रही त्याच्यावर चिडतात, आणि शेवटी आनाचं लग्न ख्रिसशीच होतं. झुरण्याचं बक्षीस म्हणून ती सुनीलला मिळत नाही. असा प्रसंग पारखायचा असेल तर आवाज बंद करून फक्त मुलीचा चेहरा बघा. पार्श्वसंगीत काढलं की भीती लगेच दिसते.

प्रत्यक्षात नकार एकदाच, स्पष्ट आणि लेखी द्या: “मला नातं नको आहे, संपर्क करू नका.” ‘सध्या नको’, ‘अभ्यास आहे’ असलं काही जोडू नका; त्यातून वाट बघायची मुभा मिळते. त्यानंतर उत्तर देऊ नका. एकोणीस मेसेज सोडून विसाव्याला चिडून जरी उत्तर दिलं, तरी वीस मेसेज केले की उत्तर मिळतं हे तो शिकतो. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा, ब्लॉक त्यानंतर करा.

जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी आली तर ती खरी समजा, पण एकटीने भेटायला जाऊ नका. त्याच्या घरच्यांना कळवा, लगेच धोका असेल तर 112 लावा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. नुसता झुरणाऱ्यानेही तो लावायला हरकत नाही.

स्पष्ट नकारानंतरही पुन्हा पुन्हा पाठलाग किंवा संपर्क करणं हा गुन्हा आहे. 2013 पासून भारतीय दंड संहितेचं कलम 354-ड होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नकार स्पष्ट होता हे दाखवायला तो पहिला लेखी मेसेज कामी येतो, म्हणून फोन बदलला तरी तो जपून ठेवा.