प्रारंभ-सराव, संगणकीय (बुद्धिबळ)

डावाच्या पहिल्या दहा-पंधरा चालींचा संगणकाशी खेळून केलेला अभ्यास. खेळाडू ठरावीक प्रारंभाची स्थिती मांडतो, तेथून संगणकाशी डाव खेळतो आणि आपण कोठे घसरलो हे मागाहून तपासतो.

प्रारंभात संगणकाची चाल दोन ठिकाणांहून येते : आधी साठवलेल्या चालींच्या ‘ओपनिंग बुक’मधून किंवा इंजिनाच्या (चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या गणनेतून. असे बुक रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या मॅक हॅक या प्रोग्रॅममध्ये १९६७ च्या सुमारास होते. या दोहोंतील फरक सर्वाधिक चर्चिला गेला तो आयबीएमचा संगणक डीप ब्लू व जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यांच्या न्यूयॉर्कमधील लढतीत ११ मे १९९७ रोजी झालेल्या सहाव्या डावामुळे. कॅरो-कान बचावात (काळ्या मोहऱ्यांचा एक प्रारंभ) कास्पारोव्हने सातव्या चालीला हत्तीपुढचे प्यादे एच६ या घरावर सरकवले; डीप ब्लूने ई६ वर घोड्याचा बळी दिला आणि डाव अवघ्या १९ चालींत संपला. एका मतानुसार कास्पारोव्हकडून चालींचा क्रम उलटसुलट झाला. दुसऱ्या मतानुसार प्याद्याची चाल जाणूनबुजून होती : त्या काळची इंजिने ठोस लाभ दिसल्याशिवाय मोहरा देत नसत, तेव्हा घोडा मागे जाईल असा होरा होता. बळीची चाल त्याच दिवशी बुकमध्ये घातली होती, असे डीप ब्लूच्या चमूकडून सांगितले गेले. ते धरले तर दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. कारण मग कास्पारोव्हचा इंजिनाविषयीचा अंदाज चुकला नव्हता, समोर त्या क्षणी इंजिन नव्हतेच, बुक होते.

सरावातही हेच लागू पडते. बुक चालू ठेवून खेळल्यास पाठांतर तपासले जाते. ते बंद केल्यास चालीमागचे कारण कळले आहे की नाही, हे उघडे पडते. शिकाऊ खेळाडूस दुसरा मार्ग बरा. मात्र पूर्ण ताकदीच्या स्टॉकफिश या इंजिनापुढे (२००८) नवख्याचा कोणताही प्रारंभ वाईटच दिसतो. पातळी उतरवल्यास तो अधूनमधून मुद्दाम हलकी चाल निवडतो, पण ती चूक माणसाच्या चुकीसारखी नसते. माणसांच्या डावांवरून शिकवलेले माइया हे इंजिन (२०२०) या बाबतीत जवळचे.

घरी देशी पद्धतीने शिकलेल्यांना आणखी एक अडचण येते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही सहसा एकच घर सरकते, आणि किल्लेकोटाऐवजी (राजा व हत्ती एकाच चालीत हलवण्याऐवजी) राजाला एकदा घोड्याची उडी मिळते (प्रांतोप्रांती फरक आहेत). अशा खेळाडूची सवय संथ मांडणीची. संगणक पटाचा मध्य लगेच व्यापतो.

गोवा : येथील अनुराग म्हामल व लिऑन मेंडोंसा हे ग्रँडमास्टर, तर भक्ती कुलकर्णी या २०१६ च्या आशियाई महिला विजेत्या. २००२ ची जागतिक कनिष्ठ स्पर्धा गोव्यात झाली. ती लेव्हॉन अरोनियनने जिंकली. बार्देशातील हडफडे येथे २०२५ मध्ये विश्वचषक झाला, विजेता जावोखिर सिंदारोव्ह. दोन डावांच्या बाद लढतीत समोरचा एकच प्रतिस्पर्धी असल्याने त्याच्या नेमक्या प्रारंभाविरुद्धची संगणकीय तयारी तेथे विशेष मोलाची ठरते. साखळी स्पर्धेत ती अनेक प्रतिस्पर्ध्यांत विभागावी लागते.