डिकोडरच्या हाती नेमकं काय द्यायचं?

फोनवर व्हिडिओ लागतो तेव्हा तो उलगडायचं काम बहुतेक वेळा मुख्य प्रोसेसर करतच नाही. चिपमधला स्वतंत्र डिकोडर ते करतो. प्रोग्रामने त्याला डेटा द्यायचा आणि तयार चित्र परत घ्यायचं. या देवघेवीचे नियम म्हणजे एपीआय. गेल्या पंचवीसेक वर्षांत ते वारंवार नव्याने लिहिले गेले, आणि दर वेळी प्रश्न तोच राहिला: निम्मंशिम्मं काम आधी कोणी करायचं?

डीव्हीडीच्या काळात पीसीला एमपेग-2 (डीव्हीडीवरचा व्हिडिओ दाबायची पद्धत) झेपणं जड जायचं. लिनक्सवरच्या एक्सव्हीएमसी या एपीआयने मधला रस्ता काढला. बिट वाचणं प्रोग्रामकडे, आधीच्या फ्रेममधले तुकडे सरकवून नवं चित्र जुळवणं ग्राफिक्स कार्डाकडे. एच.264 हे व्हिडिओ दाबायचं नवं मानक (2003) आल्यावर ही वाटणी पुरेना. त्याच्या कॅबॅक या बिट दाबायच्या पद्धतीत प्रत्येक बिटचा अर्थ आधीच्या बिटांवर अवलंबून असतो. काम समांतर वाटता येत नाही, आणि एचडी व्हिडिओत प्रोसेसर नेमका तिथेच दमतो. म्हणून दाबलेला डेटा जसाच्या तसा, स्लाइसच्या (फ्रेमच्या तुकड्यांच्या) रूपात, हार्डवेअरकडे धाडणं भाग पडलं.

एनव्हिडियाचं व्हीडीपीएयू (2008) आणि इंटेलचं व्हीए-एपीआय याच गरजेतून उभे राहिले. हेडर (डेटाच्या सुरुवातीची वर्णनाची माहिती) मात्र अजूनही प्रोग्रामच वाचतो आणि कोणते जुने फ्रेम संदर्भाला लागतील तेही तोच सांगतो. व्हीए-एपीआयमधलं 'रेंडर पिक्चर' हे नाव नवख्याला हमखास चकवतं. त्या कॉलने काहीच रंगवलं जात नाही, फक्त बफर (डेटा ठेवलेले मेमरीचे तुकडे) सुपूर्द होतात. खरं काम 'एंड पिक्चर'नंतर सुरू होतं, आणि तो कॉल परतला म्हणजे चित्र तयार झालं असंही नाही. त्यासाठी 'सिंक सरफेस'वर थांबावं लागतं.

मोबाइलने उलटी वाट धरली. अँड्रॉइड 4.1 मधल्या (2012) मीडियाकोडेकमध्ये एका रांगेत दाबलेला डेटा टाकायचा, दुसऱ्या रांगेतून फ्रेम उचलायचे. संदर्भ फ्रेमचा आतला हिशेब कोण ठेवतं, याची प्रोग्रामला फिकीर नाही. सोयीचं आहे, पण हिशेब बंद फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या, कोड न दाखवलेल्या प्रोग्राममध्ये) असेल तर चूक कुठे झाली ते बाहेरून शोधणं फार कठीण.

ऑलविनरसारख्या स्वस्त चिपांमधला डिकोडर मागचं काहीच लक्षात ठेवत नाही. प्रत्येक फ्रेमसोबत त्याचे पॅरामीटर जोडून द्यावे लागतात. लिनक्सच्या व्ही4एल2 या व्हिडिओ उपकरणांसाठीच्या एपीआयमध्ये मात्र सेटिंग पूर्ण उपकरणाला लागू व्हायची, एकेका फ्रेमला नव्हे. ही अडचण सोडवणारी रिक्वेस्ट एपीआय डिसेंबर 2018 मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, 4.20 आवृत्तीसोबत आली. बूटलिन कंपनीने त्याच वर्षी ऑलविनरच्या ड्रायव्हरसाठी लोकवर्गणी उभारली होती. एच.264 चा भाग स्थिर व्हायला पुढे 5.11, म्हणजे 2021 उजाडलं. इतका उशीर झाला तरी मला हीच वाट भरवशाची वाटते, कारण संदर्भ फ्रेमचा हिशेब उघड्या कोडमध्ये राहतो आणि चुकला तर कोणालाही दुरुस्त करता येतो.

डिसेंबर 2022 मध्ये पक्क्या झालेल्या व्हल्कन व्हिडिओ या एपीआयनेही तो हिशेब प्रोग्रामकडेच ठेवला आहे.