मुरुडशेंग जास्वंदाच्याच कुळातली

‘मुरुडशेंग स्टर्क्युलिएसी कुळातली, जास्वंदाशी तिचं नातं नाही,’ हे वाक्य जुन्या वनस्पतिसूचींतून आजही जसंच्या तसं उतरवलं जातं. ते आता सोडायलाच हवं. डीएनएच्या अभ्यासात स्टर्क्युलिएसी हे एकसंध कुळच नाही असं दिसलं आणि १९९८ च्या एपीजी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गीकरणात ते, फालसा आणि काटेसावरीच्या कुळांसह, माल्व्हेसीत, म्हणजे जास्वंदाच्या कुळात, विलीन झालं.

सह्याद्रीतल्या या देशी झुडपाचं पान खरखरीत लागतं. भिंगातून बघा, चांदण्यांसारखी लव दिसेल. ती माल्व्हेसीची खूण. सालीचा चिवट वाखही अंबाडीसारखा दोराला चालतो. फूल मात्र न्यारं: लालभडक, शिळं होताना राखी-निळसर, पुंकेसर लांब दांडीच्या टोकाला. उपकुळही वेगळं, हेलिक्टेरॉइडी. त्यात शेजारी कोण, तर चक्क आग्नेय आशियातलं काटेरी फळ, ड्युरियन!