पाच कॅरेटांचा एक ग्रॅम : २०० मिलिग्रॅमच्या निर्णयाची पार्श्वभूमी

ग्रॅममधल्या वजनाला पाचाने गुणले की रत्नाचे कॅरेट निघतात, हे सराफी पेढीवर बसणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असते. हा हिशेब मुळातून इतका सोपा नव्हता. तो जाणीवपूर्वक सोपा करण्यात आला आणि त्यालाही अजून सव्वाशे वर्षे झालेली नाहीत. सोन्याची शुद्धता सांगणारा कॅरेट येथे अभिप्रेत नसून केवळ रत्नांच्या वजनाचा कॅरेट विचारात घेतला आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी होणाऱ्या कॅरोब वृक्षाच्या बिया तराजूत घालून या मापाची सुरुवात झाली. त्या बिया निसर्गतःच एकसारख्या वजनाच्या असतात, ही समजूत मात्र अलीकडच्या मोजणीत टिकली नाही. इतर झाडांच्या बियांइतकाच फरक त्यांच्यातही आढळतो. त्यामुळे प्रत्येक मोठ्या व्यापारी शहराने आपापला कॅरेट ठरवून घेतला यात नवल नाही. फ्लॉरेन्सचा कॅरेट १९७ मिलिग्रॅमच्या आसपास, लंडनचा २०५.३ च्या जवळ, तर मद्रासचा २०७ च्याही वर होता. शिवाय कॅरेटचे भाग दशांशात नव्हे, तर अर्धा, पाव, अष्टमांश असे करत चौसष्टांशापर्यंत पाडले जात आणि एकाच खड्याचे वजन तीन-चार अपूर्णांकांची बेरीज म्हणून वहीत मांडले जाई. दोन शहरांच्या व्यापाऱ्यांमध्ये पुडीची देवघेव झाली, की हे अपूर्णांक एका कॅरेटातून दुसऱ्या कॅरेटात न्यावे लागत आणि वादाला तिथेच तोंड फुटे.

या गोंधळावर पहिला उपाय निघाला तो तडजोडीचा. १८७० च्या दशकात पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या संघाने २०५ मिलिग्रॅमचा कॅरेट सर्वांनी मानावा, असे सुचवले. तो लंडनच्या कॅरेटला जवळजवळ चिकटून होता, म्हणून जुने साठे आणि जुने भाव फारसे हलणार नव्हते. त्याची सोय एवढीच होती. २०५ ने भागताना ग्रॅमचा मेळ बसत नाही. एका ग्रॅमचे ४.८७८ कॅरेट होतात आणि हा आकडा घेऊन कोणताही कारकून रोजचा हिशेब करू शकत नाही. अखेर १९०७ मध्ये पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०० मिलिग्रॅमच्या 'मेट्रिक कॅरेट'ला मान्यता दिली. अमेरिकेने तो १ जुलै १९१३ पासून आणि ब्रिटनने १ एप्रिल १९१४ पासून स्वीकारला.

या निर्णयाची किंमत व्यापाराला मोजावी लागली, हे मान्य केले पाहिजे. लंडनच्या तुलनेत नवा कॅरेट सुमारे अडीच टक्क्यांनी हलका होता. म्हणजे तिजोरीतला तोच हिरा एका रात्रीत कागदावर जड झाला आणि ज्या हिऱ्याचा भाव जुन्या कॅरेटला १००० होता, त्याचा नव्या कॅरेटला सुमारे ९७४ लावावा लागला. भाव खाली आणला नाही, तर गिऱ्हाईक फसणार होते आणि आणला तर दर उतरल्याचा भास होणार होता. तरीही २०० चा आकडाच योग्य होता, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. २०५ ने एका पिढीच्या व्यापाऱ्यांची सोय झाली असती. २०० मुळे काटा, वही आणि पावती कायमची एका सुतात आली.

जुने आकडे मात्र पुस्तकांतून अजून गेलेले नाहीत. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा कुठे ३०२५¾, तर कुठे ३१०६.७५ कॅरेटचा सांगितला जातो. दोन्हीचा अर्थ ६२१.३५ ग्रॅम हाच आहे. कोहिनूरचेही तसेच झाले आहे. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडण्यापूर्वी तो जुन्या मापाने १८६ कॅरेटहून किंचित अधिक, म्हणजे आजचे १९१ कॅरेट होता. पैलू पाडल्यानंतरचे त्याचे वजन दीर्घकाळ १०८.९३ कॅरेट मानले गेले आणि १९९२ मध्ये प्रत्यक्ष काट्यावर ते १०५.६ भरले.

नव्या कॅरेटचे शंभर भाग पडले आणि मुंबई-सुरतच्या बाजारात त्या भागाला सेंट म्हणतात. एक सेंट म्हणजे दोन मिलिग्रॅम. त्यामुळे ०.०१ ग्रॅमपर्यंतच वजन दाखवणाऱ्या काट्यावर हिरा तोलला, तर आकडा एका घराने बदलताच पाच सेंटांचा फरक पडतो. रत्नांसाठी किमान ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो, तो याचसाठी. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमुख प्रयोगशाळा तर त्याहून बारीक तोलतात आणि तिसऱ्या दशांशस्थानी ९ आला, तरच वरचा सेंट देतात. १९९.८ मिलिग्रॅमचा हिरा १.०० कॅरेट ठरतो आणि १९९.६ मिलिग्रॅमचा ०.९९. पूर्ण कॅरेटला भाव एकदम चढतो, म्हणून तोलताना खड्यावर बोटांचा तेलकटपणाही राहू देत नाहीत.

आपल्याकडे खरा गुंता रत्तीचा आहे. सराफी कोष्टकात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणून ११.६६४ ग्रॅमच्या तोळ्यातून गुंज, अर्थात रत्ती, १२१.५ मिलिग्रॅमची निघते आणि ती ०.६०७५ कॅरेट भरते. ग्रहांचे खडे विकणाऱ्यांची 'पक्की रत्ती' मात्र याच्या दीडपट, म्हणजे १८२.२५ मिलिग्रॅम किंवा ०.९१ कॅरेट धरली जाते. ही मोठी रत्ती अलीकडची पळवाट आहे, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत पोहोचलेल्या एका फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने मोगल दरबारातली रत्ती ७/८ कॅरेटची नोंदवली आहे आणि ती आजच्या पक्क्या रत्तीच्या अगदी जवळ येते. म्हणजे रत्नांची रत्ती आणि सोन्याची रत्ती तेव्हाही वेगळी असावी, असे दिसते.

१९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली, तरी ज्योतिषी आजही 'सव्वापाच रत्तीचा पुष्कराज' असेच सांगतात. सराफी रत्तीने तो ३.१९ कॅरेटचा होतो आणि पक्क्या रत्तीने ४.७८ कॅरेटचा. दर रत्तीचा सांगून खडा कॅरेटच्या प्रमाणपत्रासह हाती दिला जातो, तेव्हा कोणत्या रत्तीने हिशेब केला हे गिऱ्हाइकाला विचारावेच लागते. पावतीवर वजन ग्रॅममध्येही लिहिले असेल, तर त्याला पाचाने गुणून आणि प्रमाणपत्राशी ताडून त्याचे उत्तर जागच्या जागी मिळते.