इनॅमल आणि डेंटिन: झिजतं कोण, दुखतं कोण

टूथपेस्टच्या जाहिराती बघून बऱ्याच जणांच्या डोक्यात असं बसलंय की दात म्हणजे इनॅमल आणि त्याच्या आत डायरेक्ट नस. मधलं डेंटिन कुणी हिशोबातच धरत नाही, आणि दाताचा सगळ्यात मोठा भाग तर तेच असतं. इनॅमल फक्त हिरडीच्या वर दिसतं तेवढ्यावरचा थर, दाढेच्या टोकावर जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ. मुळावर इनॅमल नसतंच, तिथे डेंटिनवर सिमेंटम नावाचा वेगळा थर असतो, तो विषय आत्ता राहू दे.

खनिज दोघांत एकच, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक, हाडातही हेच. फरक प्रमाणात आहे. इनॅमलमध्ये वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, उरलेलं पाणी आणि नावापुरतं प्रोटीन. डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, १० टक्के पाणी, आणि त्या सेंद्रिय भागात बहुतेक सगळं टाइप १ कोलॅजन, जे हाडात आणि कातडीत असतं तेच. म्हणून इनॅमल शरीरातली सगळ्यात कडक वस्तू पण ठिसूळ, आणि डेंटिन नरम पण किंचित लवचिक, चावताना येणारा दाब तेच झेलतं. कीड आतून डेंटिन पोखरून बसली की वरचं इनॅमल एक दिवस सुपारी फोडताना कचकन तुटतं ते यामुळेच.

पण मला विचाराल तर टक्केवारी पाठ करण्यापेक्षा हे दोघं बनतात कसे ते बघावं, बाकीचं बरंचसं त्यातूनच कळतं. बाळ पोटात असताना जबड्यात दोन प्रकारच्या पेशी समोरासमोर उभ्या राहतात. इनॅमल बनवणाऱ्या त्या अमेलोब्लास्ट, या तोंडाच्या अस्तराकडून आलेल्या. डेंटिन बनवणाऱ्या त्या ओडोन्टोब्लास्ट, या न्यूरल क्रेस्टकडून (गर्भात मज्जासंस्था बनताना तिच्या कडेला असणाऱ्या पेशींच्या पट्ट्याकडून) आलेल्या, म्हणजे खानदानच वेगळं. आधी अस्तराकडच्या पेशी समोरच्यांना सिग्नल देतात, मग ओडोन्टोब्लास्ट तयार होऊन डेंटिनचा पहिला थर टाकतात, आणि तो पडल्यावरच अमेलोब्लास्ट कामाला लागतात. म्हणजे आधी डेंटिन, मग इनॅमल. दुधाच्या दातांत हे साधारण चौथ्या महिन्यात सुरू होतं. मग दोघी एकाच रेषेवरून उलट्या दिशेला निघतात, अंगण सारवताना बाई कशी सारवत सारवत मागे सरकते तशा, ओडोन्टोब्लास्ट आतल्या बाजूला, दिवसाला साधारण ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि अमेलोब्लास्ट बाहेरच्या बाजूला.

आता बाहेर गेलेल्यांचं काय होतं, तर इनॅमल पूर्ण झालं की त्यांचं काम संपतं आणि दात हिरडीतून वर येताना त्या निघूनच जातात. त्यामुळे इनॅमल नव्याने बनवणारं नंतर कुणी उरत नाही. जाहिरातीतलं 'इनॅमल रिपेअर' म्हणजे फार तर किडीच्या सुरुवातीच्या पांढऱ्या डागात लाळेतलं आणि पेस्टमधलं खनिज परत बसणं, एकदा खड्डा पडला की तो पेस्टने भरत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यात जास्त फ्लोराइड असलेल्या गावांत दातांवर जे पांढरे-तपकिरी डाग दिसतात तेही लहानपणी इनॅमल बनत असतानाच पडलेले असतात, म्हणून घासून जात नाहीत.

आत गेलेल्या ओडोन्टोब्लास्ट मात्र दाताच्या गाभ्यात, म्हणजे पल्पच्या कडेला, जिवंत बसून असतात. त्या आधी कोलॅजनची जाळी टाकतात, त्याला प्रीडेंटिन म्हणतात, आणि मग त्यात खनिज भरलं जातं. इनॅमलमध्ये उलट आहे, तिथे खनिज जवळजवळ लगेच बसायला लागतं आणि नंतर प्रोटीन काढून टाकलं जातं. मागे सरकताना प्रत्येक ओडोन्टोब्लास्टची एक शेपटी डेंटिनमध्ये राहते, तिच्याभोवती बारीक नळी तयार होते, आणि अशा नळ्या पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५ हजार किंवा जास्तच, बाहेरच्या बाजूला २० हजारांच्या आसपास. नळ्यांत द्रव असतो. इनॅमल झिजून किंवा हिरडी खाली सरकून त्या उघड्या पडल्या की थंड, गोड किंवा नुसत्या हवेनेसुद्धा तो द्रव हलतो आणि आतल्या नसा चाळवतात. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही थिअरी अजून सगळ्यात जास्त मानली जाते. इनॅमलला नसच नाही, त्यामुळे कीड इनॅमलमध्येच असते तोवर दुखत नाही आणि आपण डॉक्टरकडे जायचं टाळत बसतो, आणि डेंटिनला लागली की ती आडवी पसरते, वरून बारीक काळा ठिपका आणि आत पोकळी. काही सेन्सिटिव्ह पेस्ट या नळ्यांची तोंडं बुजवतात, पोटॅशियम नायट्रेटवाल्या नसेला शांत करतात.

फिलिंग करतानाही डेंटिस्टला दोघांना वेगळं वागवावं लागतं. फिलिंग नीट चिकटावं म्हणून अ‍ॅसिड जेल लावून धुतल्यावर इनॅमल कोरडं करून खडूसारखं पांढरं दिसलं तरी चालतं, उलट तसंच हवं. डेंटिन मात्र फार सुकवलं तर अ‍ॅसिडने उघडी पडलेली कोलॅजनची जाळी कोसळून दबते आणि अनेक बाँडिंगची (फिलिंग चिकटवणाऱ्या द्रवांची) पकड कमी होते, म्हणून तिथे थोडा ओलावा ठेवतात.

रंगाचंही तेच, इनॅमल बऱ्यापैकी पारदर्शक, पिवळसरपणा खालच्या डेंटिनचा. वय वाढतं तसं इनॅमल पातळ होतं आणि डेंटिन आतून वाढतच राहतं, त्यामुळे आजोबांचे दात कितीही घासले तरी पिवळट दिसतात, तो मळ नसतो. मिश्री किंवा राखुंडी जोरात घासून पांढरे करायला जाल तर इनॅमलच झिजेल आणि पिवळेपणा अजून उठून दिसेल.

आणि ते आतून वाढणं म्हणजे पल्पची जागा कमी होत जाणं. कीड किंवा झीज जवळ आली की ओडोन्टोब्लास्ट आणखी डेंटिन टाकून भिंत जाड करतात, त्या मेल्या तर पल्पमधल्या दुसऱ्या पेशी ते काम उचलतात, जरा ओबडधोबड करतात पण करतात. दाताच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, फक्त सत्तरीतल्या माणसाचं रूट कॅनल करायची वेळ आली की कॅनल इतका अरुंद झालेला असतो की तो सापडायलाच डॉक्टरचा निम्मा वेळ जातो.